बाबांची मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर

भिलाईच्या हुडको वसाहतीत फिरताना एखाद्या घराच्या जिन्याखाली गोणपाटाने झाकलेली जुनी मोटारसायकल अजूनही दिसते. टायर बसलेले, टाकीवर गंज, हँडलला कोळ्याची जाळी. भंगारवाला दारात आला की घरात दोन पक्ष पडतात. ‘जागा अडली आहे, देऊन टाका,’ हा एक आणि ‘बाबांची गाडी आहे, राहू द्या,’ हा दुसरा. या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे. ती गाडी घरच्या घरी, आपल्या हातांनी पुन्हा उभी करायची!

मात्र हौसेच्या भरात पुष्कळजण या कामाची सुरुवात शेवटापासून करतात. आधी टाकीला झगझगीत रंग, मग रुंद हँडल, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि ब्रेकचे नंतर बघू! क्रम नेमका उलटा हवा. आधी कागद, मग ब्रेक, मग इंजिन आणि सर्वांत शेवटी रंग.

पोलादाच्या गावातली गाडी

१९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. नोकरीच्या निमित्ताने विदर्भातली अनेक मराठी कुटुंबे इथे आली आणि इथलीच झाली. पाळीवर जाण्यासाठी आधी सायकल आणि चार पैसे साठले की मोटारसायकल, अशी त्या पिढीची चढती कमान होती.

त्या काळी निवड मोजकीच होती. मद्रासला १९५५ पासून तयार होऊ लागलेली बुलेट, एस्कॉर्ट्सची दणकट राजदूत आणि म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून निघालेली जावा. हीच जावा १९७३ पासून ‘येझदी’ नावाने विकली जाऊ लागली. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे बाजारात परतली, पण ती नव्या बांधणीच्या गाड्यांवर. जिन्याखालच्या गाडीला त्यांचे सुटे भाग चालतील, असे समजू नये.

पाना उचलण्यापूर्वी

नोंदणी पुस्तक शोधा. त्यातला इंजिन आणि चेसिसचा क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर परिवहन कार्यालयात अर्ज करून ती वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती ५-५ वर्षांसाठी वाढवता येते. छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० रोजी झाले, त्यामुळे इथल्या जुन्या गाड्यांवर मध्य प्रदेशचा नंबर असतो. त्याचे काय करायचे, तेही याच फेरीत विचारून घ्या. क्रमांक जुळत नसतील किंवा कागदच नसतील, तर हा पेच सुटेपर्यंत खर्चाला हात घालू नका.

उघडताना घाई नको

पहिला पाना फिरवण्याआधी गाडीची चारी बाजूंनी छायाचित्रे घ्या. विशेषतः तारा आणि केबली कुठून कशा गेल्या आहेत ते टिपा. काढलेला प्रत्येक नट-बोल्ट छोट्या डब्यात ठेवून वर चिठ्ठी लावा. जाम झालेल्या बोल्टवर हातोडा चालवू नका. गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर थांबा आणि नेमक्या मापाचा रिंग पाना वापरा.

वर्षानुवर्षे उभ्या गाडीला किक मारण्याचा मोह आवरायला हवा. आतला पिस्टन चिकटलेला असू शकतो. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडा, दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि मग हलक्या हाताने फिरवून पाहा. जावा-येझदीत किक आणि गिअर यांचा दांडा एकच असतो. तो जोराने दाबून बिघडवला, तर काम दुप्पट होते.

इथे धोका पत्करू नये

टाकी रिकामी झाली तरी आत पेट्रोलची वाफ राहते. अशा टाकीला घरी वेल्डिंग करणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. ते काम जाणकार कारागिराकडेच द्या. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. टायरवर नक्षी दिसत असली तरी रबर कडक होऊन भेगाळते, तेव्हा जुने टायर बदलाच. तारांना गाठी मारत बसण्यापेक्षा सगळी वायरिंग नवी घाला आणि फ्यूज बसवा.

आणखी एक नवी गोष्ट. २०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सर्रास २० टक्के इथेनॉल असते. जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या आणि वॉशर त्याने लवकर खराब होतात. ते बदला आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर टाकीत पेट्रोल ठेवू नका.

मनासारखी, पण मर्यादेत

आता हौसेचा भाग. मुंबईच्या अक्षय वर्दे यांनी विमान कंपनीतील नोकरी सोडून ‘वर्देंची’ या नावाने मोटारसायकलींना नवे रूप देण्याचा व्यवसाय उभा केला. अशी कामे पाहून तरुणांचे हात शिवशिवतात. पण मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतील तपशील मूळ बांधणीपेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. म्हणून चेसिस कापू नका, कर्णकर्कश सायलेन्सर लावू नका. रंग किंवा इंजिन बदलायचे असेल, तर आधी परिवहन कार्यालयात विचारा. आसनाचे नवे कव्हर, सामानाची जाळी, मूळ रंगाची तुकतुकी एवढ्यानेही गाडीचे रूप पालटते.

गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असेल, तर जुलै २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून तिची वेगळी नोंदणी होऊ शकते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

रंगाच्या वेळी गंज पूर्ण घासून त्याच दिवशी प्रायमर मारा. पावसाळी हवेत उघडे लोखंड एका रात्रीत पुन्हा तांबडे होते. मग पातळ हात, एकावर एक.

पोलादाच्या या गावात फिटर, टर्नर, वेल्डर म्हणून उभे आयुष्य घालवलेली निवृत्त मंडळी गल्लोगल्ली आहेत. मुलाने पाना धरावा आणि शेजारच्या काकांनी खुर्चीवर बसून सांगावे, यासारखी शाळा नाही. काम पुरे झाल्यावर चेसिसला तडा आढळला किंवा कागद जमले नाहीत, तर गाडी अंगणात स्वच्छ उभी राहू द्या. आठवण जपायला तिने धावलेच पाहिजे असे नाही. पण रस्त्यावर आणायची असेल, तर ब्रेक दाबताच थांबेल अशीच आणा.