परदेशांतून रोपें मागवितांना : कागद आधीं, माल मागून

परदेशांत द्राक्षाची वा फुलझाडाची नवी जात निघाली, कीं ती आपल्या बागेंत असावी असें उद्योगी बागाइतदारास वाटणें स्वाभाविक आहे. परंतु रोप हा नुसता माल नव्हे. त्याजबरोबर कीड व रोग येण्याचा संभव असतो. म्हणून त्यास दोन नाकीं ओलांडावीं लागतात : एक जकातीचें, दुसरें वनस्पति-संगरोधाचें, म्हणजे क्वारंटाइनचें. पुष्कळ लोक पहिल्याचाच विचार करितात व दुसऱ्यापाशीं अडतात.

आमच्या तालुक्यांतील एका बागाइतदारानें परदेशांतील रोपवाटिकेकडून कलमकाड्या मागविल्या. पैसे आगाऊ भरले; जकातीचीही तरतूद होती. परवाना मात्र पेटी आल्यावर काढूं, अशी त्यांची समजूत. पेटी विमानतळावर अडकली आणि अखेर काड्या नष्ट करण्यांत आल्या. ते मजकडे कागद घेऊन आले, तेव्हां करण्यासारखें कांहींच उरलें नव्हतें. महसुली दप्तरांत माझें आयुष्य गेलें. कागदावरील मजकुराइतकीच त्याची तारीखही महत्त्वाची असते, हें तेथें शिकलों.

याकरितां पुढील क्रम ध्यानांत ठेवावा.

पहिलें, इ. स. १९१४ च्या कीड व रोगविषयक कायद्याखालीं २००३ सालीं निघालेला वनस्पति-संगरोध आदेश पाहावा. त्याच्या परिशिष्टांत कोणती वनस्पति कोणत्या देशांतून व कोणत्या अटींवर आणतां येते, हें दिलें आहे.

दुसरें, माल तेथून निघण्यापूर्वीं आयातीचा परवाना स्वतःच्या नांवें काढावा. तो दुसऱ्यास देतां येत नाहीं.

तिसरें, परवान्याची नक्कल विक्रेत्यास पाठवावी. त्यांतील अटींप्रमाणें त्यानें आपल्या सरकारचा वनस्पति-स्वास्थ्याचा दाखला मिळवून मालासोबत द्यावा. मुळांस माती असूं नये.

चौथें, माल पोंचतांना १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याप्रमाणें ‘बिल ऑफ एन्ट्री’ दाखल करावें लागतें. सोबत बीजक व वाहतुकीचे कागद जोडावे. जकातीची आकारणी केवळ खरेदीच्या किंमतीवर नव्हे, तर वाहतूक व विमा धरून होते. हें काम परवानाधारक कस्टम्स दलालाकडून करविणें सोयीचें. संगरोध अधिकारी माल तपासून जरूर तर धुरी देववितात; त्यांनीं मोकळीक दिल्यावांचून माल हातीं येत नाहीं. ३० दिवसांत न सोडविलेला माल सूचना देऊन विकतां येतो. नाशवंत माल तर केव्हांही.

पांचवें, कांहीं रोपें बागेंत लावण्यापूर्वीं तपासलेल्या जागीं, अलग, देखरेखीखालीं वाढवावीं लागतात. ती जागा आधींच सिद्ध असावी.

टपालानें येणाऱ्या बियांसही हेच नियम आहेत. २०२० सालीं अनोळखी बियांच्या पुड्या अनेक देशांत टपालानें आल्या, तेव्हां आपल्या कृषि मंत्रालयानेंही सावध राहण्यास सांगितलें होतें. अशी पुडी आल्यास पेरूं नये. कृषि अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावी.

हा सर्व खटाटोप जाचक वाटेल. परंतु अमेरिका खंडांतील गाजरगवताची पुण्याकडील नोंद १९५६ सालीं प्रसिद्ध झाली; तें आयात धान्याबरोबर आलें असें मानितात. तें आज आपल्या बांधाबांधावर आहे. एका पेटींतून आलेला रोग मागविणाऱ्याच्याच शेतांत थांबत नाहीं. परवान्यासाठीं थांबावें लागलें, तर तो काळ वायां गेला असें कोणीं समजूं नये.