दिसत नाही म्हणजे नाही? : घरातल्या पायरीविषयी



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या माणसाला घरातली पायरी कशाला हवी? ते काम गवंड्याचं. खरं आहे. पायरी बांधणं गवंड्याचंच काम. पण पायरी ‘दिसणं’ किंवा ‘न दिसणं’ हा ज्ञानाचा प्रश्न आहे, आणि त्यावर आपल्याकडे फार बारकाईने विचार झालेला आहे. तो आज थोडा कामाला लावू.

आधी यात पणाला काय लागलंय ते सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. अनवधानाने होणाऱ्या दुखापतींच्या मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो, आणि साठीपुढच्या माणसांचं प्रमाण त्यात सर्वाधिक आहे. जे वाचतात त्यांचंही आयुष्य बदलतं. खुब्याचं हाड मोडलेला माणूस पुन्हा चालायला लागला तरी पूर्वीसारखा बिनधास्त चालत नाही. देवळात जाणं बंद, गच्चीवर जाणं बंद. पडणं एकदाच होतं, भीती मात्र रोज सोबत राहते.

आणि घरचे काय विचारतात? ‘लक्ष कुठे होतं?’ या प्रश्नात एक गृहीत धरलेलं असतं, की पायरी तिथे होतीच, पाहणारा चुकला. माझं म्हणणं असं की हे गृहीत तपासलं पाहिजे.

मीमांसेत, विशेषतः कुमारिल भट्टांच्या परंपरेत, ‘अनुपलब्धि’ नावाचं एक स्वतंत्र प्रमाण मानलं आहे. अद्वैत वेदान्तानेही ते स्वीकारलं. साधी गोष्ट आहे. या टेबलावर तांब्या नाही, हे मला कशावरून कळलं? तांब्या दिसला नाही यावरून. वस्तूचं न दिसणं हेच तिच्या अभावाचं ज्ञान देतं. पण त्यांनी एक अट घातली. ते न दिसणं ‘योग्य’ असलं पाहिजे. म्हणजे वस्तू तिथे असती तर नक्की दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत तांब्या दिसला नाही, म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही.

आता घरात चालताना आपण काय करतो बघा. दर पावलाला आपण मनात म्हणत नाही की पुढे जमीन सपाट आहे. पायरी दिसली नाही, एवढ्यावर पाय पुढे टाकतो. म्हणजे प्रत्येक पाऊल ही एक अनुपलब्धि आहे! आणि योग्यतेची अट पुरी करायची कोणी? चालणाऱ्याने नव्हे, घराने. पायरी असती तर दिसली असती, अशी हमी घराने द्यायला हवी. तेव्हा ‘लक्ष कुठे होतं’ याआधी ‘पायरी दिसण्याजोगी होती का’ हे विचारलं पाहिजे.

ही अट मोडते कुठे? मोठा जिना दिसतो, त्याला कठडा असतो, तिथे आपण सावध होतो. फसवते ती एकटी पायरी. न्हाणीघराची फरशी पाणी बाहेर येऊ नये म्हणून दीड-दोन इंच खाली असते, किंवा दाराशी दगडाचा बारीक उंबरा असतो. बाल्कनीत उतरताना, हॉलमधून जेवणाच्या जागेत जाताना, रो-हाऊसमध्ये खोलीखोलीत एखादी पायरी असते. जुन्या घरात ओटीवरून पडवीत उतरायची पायरी. दोन-चार इंचांचा तर मामला! पण चालताना आपला चवडा जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटरच उचलला जातो. अडखळायला तेवढी उंची पुष्कळ झाली.

त्यातही चढण्यापेक्षा उतरणं अवघड. चढताना पायरीचा उभा भाग समोर दिसतो. उतरताना तो दिसतच नाही. दिसतो फक्त वरचा पृष्ठभाग आणि त्याच्या पलीकडची खालची जमीन. दोन्हीकडे एकच फरशी असली, हल्ली असतेच, तर दोन्ही मिळून एक सलग पट्टा होतो. वर गुळगुळीत टाइल्सवर दिव्याची चमक पडली की उरलीसुरली कडाही जाते.

यात आपल्या चष्म्याचा वाटा आहे. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगाचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, हातभर अंतरासाठी. पायरी बघायला आपण नजर खाली करतो आणि नेमकं त्या भागातून बघतो, म्हणून कड धूसर दिसते. ऑस्ट्रेलियातल्या स्टीफन लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली हे दाखवून दिलं की अशा चष्म्यांनी वृद्धांना कडा आणि खोली ओळखणं अवघड जातं आणि पडण्याचा धोका वाढतो. उपाय फुकटचा आहे. पायरीशी नजर नव्हे, मान खाली करा, म्हणजे वरच्या भिंगातून दिसेल.

आता घराकडे वळू. पहिलं काम, कडेला पट्टा. साधारण दोन इंच रुंद, पायरीच्या पूर्ण लांबीभर, आणि अगदी कडेपासून सुरू होणारा. हा ‘अगदी कडेपासून’ महत्त्वाचा. पट्टा दोन इंच मागे घेतला तर डोळा पट्ट्यालाच कड समजतो, आणि पाऊल चुकतं. न दिसणारी पायरी वाईट, तशी चुकीच्या जागी दिसणारीही वाईट.

रंग कुठला? रंगापेक्षा उजळपणातला फरक महत्त्वाचा. काळ्या कडप्प्यावर पांढरा किंवा पिवळा, पांढऱ्या टाइल्सवर काळा किंवा गडद निळा. लाल अनेकांना धोक्याचा रंग म्हणून सुचतो, पण मंद प्रकाशात लाल रंग डोळ्याला काळपट दिसतो. तपकिरी फरशीवर तो संध्याकाळी हरवून जातो. एक सोपी परीक्षा सांगतो. फोनवर पायरीचा कृष्णधवल फोटो काढा. त्यात पायरी नाहीशी झाली, तर तुमच्या आईच्या डोळ्यांपुढूनही दिवेलागणीला ती नाहीशी होते असं समजा.

आपल्याकडे उंबऱ्यावर रांगोळीच्या रेघा काढतात, हळदी-कुंकवाची बोटं ओढतात. ते पडू नये म्हणून करतात असं मी म्हणत नाही, त्याचा अर्थ मंगलाचा आहे. पण काळ्या उंबऱ्यावरची पांढरी रेघ रोज ‘इथे पाय उचल’ एवढं सांगतेच. तेव्हा पट्टा मारला की घर ‘म्हाताऱ्यांचं’ दिसेल, ही तक्रार मला पटत नाही. घाटाचा, रंगाचा विचार करून मारा. फरशी नवी करणार असाल तर कडेला वेगळ्या रंगाच्या दगडाची पट्टीच बसवून घ्या.

चिकटपट्टीबद्दल मात्र सावधान. खरखरीत पट्ट्या बुटांसाठी ठीक असतात. आपण घरात अनवाणी चालतो, त्यांनी तळवे सोलवटतात. आणि टोक सुटलं की त्या पट्टीतच पाय अडकतो. दर महिन्याला अंगठ्याने कड दाबून बघा. शक्य असेल तिथे रंगच बरा.

आणखी एक गमतीशीर प्रयोग. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातले डेव्हिड इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली पायरीच्या उभ्या भागावर उभे पट्टे आणि वर कडेला आडवा पट्टा काढला. त्यामुळे पायरी आहे त्यापेक्षा उंच भासते. लोकांनी काय केलं? पाय जरा जास्त उचलला. रज्जुसर्पाच्या उदाहरणात भ्रम घाबरवतो. इथे भ्रम सांभाळतो! पण याची उलट बाजूही आहे. सपाट जमिनीवर उगाच आडवी गडद पट्टी टाकली तर तिथे नसलेली पायरी दिसते आणि माणूस अडखळतो. खूण फक्त खऱ्या पायरीलाच करा.

दुसरं काम, प्रकाश. ‘देहलीदीपन्याय’ तुम्ही ऐकला असेल. उंबरठ्यावरचा दिवा आत आणि बाहेर दोन्हीकडे उजेड देतो. शास्त्रात तो एका शब्दाचा दोन वाक्यांशी संबंध दाखवायला वापरतात. आपण तो शब्दशः घेऊ. दिवा आपल्या पाठीमागे असला तर आपलीच सावली पायरीवर पडते. म्हणून पायरीपाशी, भिंतीला खाली, छोटा सेन्सरचा दिवा लावा. खालून बाजूने आलेल्या उजेडात कड स्पष्ट उठते, आणि रात्री डोळे दिपत नाहीत. जिन्याला वर-खाली दोन्हीकडे बटण हवं, टू-वे स्विच.

तिसरं, हाताला आधार. जुन्या वाड्यांत उभ्या जिन्याला दोर टांगलेला असायचा, ती समज चांगली होती. एकट्या पायरीलाही भिंतीत पक्की मूठ बसवा. टॉवेलचा रॉड म्हणजे आधार नव्हे. तो ओला पंचा पेलतो, माणूस नाही.

चौथं, पायपुसणं. बहुतेक घरांत ते नेमकं पायरीच्या कडेवर पसरलेलं असतं. कड झाकली आणि वर घसरणही केली! ते उचला, सपाट जागेवर मागे घ्या, खाली रबर असलेलं घ्या.

पाचवी गोष्ट पूर्ण जिन्याची. १६७५ साली फ्रेंच वास्तुतज्ज्ञ ब्लाँदेल यांनी एक सूत्र मांडलं. दोनदा उंची अधिक एकदा रुंदी म्हणजे माणसाचं एक पाऊल. आज ते साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर धरतात. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या जिन्याला पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर सांगितली आहे. हिशेब करून बघा, ६३ सेंटिमीटर येतात. पण याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात. पहिल्या एक-दोन पायऱ्यांत पाय उंची शिकतो आणि पुढे डोळ्यांना विचारत नाही. जुन्या फरशीवर नवी फरशी बसवली की खोलीची जमीन इंचभर वर येते आणि जिन्याची सर्वांत खालची पायरी तेवढीच बुटकी होते. मग उतरताना शेवटच्या पावलाला जमीन अपेक्षेआधीच लागते आणि गुडघ्याला हिसका बसतो. काम सुरू व्हायच्या आधी मिस्त्रींना हे विचारा.

पायरी काढून उतार करता येईल का, असंही विचारतात. जागा असेल तर जरूर. पण उताराला १ ला १२ हे प्रमाण धरतात. चार इंचांच्या पायरीला चार फूट लांबी लागते. तेवढी जागा नसताना केलेला तुटका, उभा उतार पायरीपेक्षा वाईट, त्यात न्हाणीघराशी तो ओला असणार.

शेवटी एवढंच. घरातल्या माणसाला पायरी दिसत नाही, कारण सवयीने ती पायात गेलेली असते. म्हणून पाहुण्याला विचारा, त्याचा पाय कुठे अडखळला? नातवाला सांगा, रात्री दिवे बंद करून टॉर्चने घराची एक फेरी मार आणि पायऱ्या मोज. बहुतेक घरांत आकडा अपेक्षेपेक्षा जास्त निघतो. आणि वडीलधाऱ्यांच्या घरात पट्टा मारायचा असेल तर रंग त्यांनाच निवडू द्या. ‘तुम्हाला दिसत नाही’ असं म्हणू नका. ‘पायरी नीट दिसत नाही’ असं म्हणा. पहिल्या वाक्यात दोष माणसाला लागतो, दुसऱ्यात पायरीला. आणि दुरुस्त करता येते ती पायरीच.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.