पुन्हा तोच नायक, तरी पुस्तक हवंच

शिरूरहून एसटीने किंवा दौंडहून रेल्वेने पुणं सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. एवढ्या प्रवासात हाताशी हवी ती छोटी, वेगवान कादंबरी. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचे मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद यांनी ही गरज अनेक वर्षं भागवली. अशा नायकांच्या कादंबरी-मालिकांवरचा नेहमीचा आक्षेप असा, की तेच पाठलाग, तोच शेवट. पण वाचक नायक वाचणार की नाही हे पाहायला पुस्तक उघडतच नाही. कोंडी कशी फुटते, हे त्याला पाहायचं असतं. दार बाहेरून बंद असताना नायक योगायोगाने सुटला, तर तोच वाचक चिडून पुस्तक मिटतो. ही चोखंदळ पारखच आहे.

अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्या सगळ्या सारख्या सरस असणं शक्यच नव्हतं, हे मान्य. म्हणून सगळ्यांना एकाच तागडीत तोलणं मात्र अन्यायाचं. शिरवळकरांचंच पाहा: रहस्य-साहसकथांवर घडलेल्या या लेखकाची ‘दुनियादारी’ ही कादंबरी पिढ्यांनी उचलून धरली, 2013मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. ‘दुनियादारी’तल्या संवादांचा झपाटा मालिकांमध्ये आधीच वाचकांच्या ओळखीचा झाला होता.