फिट आली की मूर्च्छा?

हरिहरेश्वरच्या देवळामागचा प्रदक्षिणामार्ग तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिला असेल. आधी टेकडी चढायची, मग कातळातल्या अरुंद पायऱ्यांनी समुद्राकडे उतरायचे आणि ओहोटीची वेळ साधून लाटांनी कोरलेल्या खडकांवरून परत फिरायचे.

अशी कल्पना करा, की मे महिन्यातल्या दुपारी या पायऱ्यांवर गर्दी अडली आहे. घरच्या मंडळींबरोबर आलेली नववीतली एक मुलगी सकाळपासून उपाशी आहे आणि बराच वेळ उन्हात उभी आहे. तिला दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा पांढराफटक पडतो आणि ती कोसळू लागते. पडू नये म्हणून दोघे जण तिला काखेत धरून उभीच ठेवतात. तिचे डोळे वर जातात, हातपाय झटके देऊ लागतात. कोणी ओरडते, "फिट आली!" कोणी कांदा शोधतो, कोणी चप्पल हुंगवतो. शेवटी तिला खाली निजवतात, आणि थोड्याच वेळात ती डोळे उघडून आईला ओळखते. प्रसंग निभावतो, पण 'फिट' हा शब्द मात्र तिच्याबरोबर घरी जातो.

ही फिट होती का? चला, आपल्या ओळखीच्या भौतिकशास्त्राच्या मदतीने पाहू.

तीस सेंटिमीटरचा प्रश्न

द्रवाच्या स्तंभाचा दाब p = hρg या सूत्राने काढतात, हे तुम्ही शिकला आहात. रक्तही द्रवच आहे. आपण उभे असताना मेंदू हृदयापेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर उंच असतो. रक्ताची घनता दर घनमीटरला सुमारे १०६० किलोग्रॅम धरली, तर या उंचीमुळे पडणारा दाबाचा फरक सुमारे ३१०० पास्कल येतो. डॉक्टरांच्या मापात सांगायचे, तर पाऱ्याच्या २३ मिलिमीटर उंचीइतका. हृदयाजवळ सरासरी दाब ९५ मिलिमीटर असेल, तर मेंदूपाशी तो ७२ भरेल. एवढा दाब पुरेसा असतो.

परंतु उन्हाने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि बराच वेळ स्तब्ध उभे राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त साठते. मग एका विशिष्ट प्रतिक्षिप्त क्रियेमुळे नाडी मंदावते आणि रक्तदाब एकदम उतरतो. समजा, हृदयापाशी तो ५० वर आला. उभ्या माणसाच्या मेंदूपाशी उरले अवघे २७! मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते, पण प्राणवायू मात्र त्याला एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्शाएवढा लागतो. त्याचा रक्तपुरवठा सहा ते आठ सेकंद तुटला, तरी शुद्ध हरपते. हीच साधी मूर्च्छा, म्हणजे आपली घेरी किंवा भोवळ.

आता त्या मुलीला आडवे केले, तर काय होईल? मेंदू आणि हृदय एका पातळीत आले, की h शून्य होतो आणि मेंदूला ५० च्या ५० मिळतात. म्हणजे जमिनीवर पडणे हा शरीराने स्वतःच योजलेला उपाय आहे. मदत म्हणून तिला उभी धरणारे मात्र मेंदूची उपासमार लांबवत होते.

मग झटके कशाने आले?

झटके दिसले म्हणजे अपस्मार, ही समजूत फार घट्ट आहे. १९९४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तरुण, निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम मूर्च्छा आणून त्यांचे चित्रीकरण केले. ४२ जण पूर्ण बेशुद्ध होऊन पडले. त्यांची बेशुद्धी सरासरी १२ सेकंद टिकली, आणि शेकडा ९० जणांच्या अंगाला झटके आले. यांपैकी कोणालाही अपस्मार नव्हता!

अपस्मारात मेंदूतल्या असंख्य पेशी एकाच तालात विद्युत्‌स्पंद सोडू लागतात; जणू वर्गातली सारी मुले एकदम तोच शब्द घोकू लागतात. जर्मनीतील येना येथील हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा विद्युत्‌आलेख, म्हणजेच ई.ई.जी., प्रथम नोंदवला. तेव्हापासून ही वादळे कागदावर पाहता येऊ लागली. साध्या मूर्च्छेत असे वादळ नसते. पुरवठा तुटल्यामुळे आलेखातल्या लाटा मंद होतात आणि कधी कधी रेषा सपाटही होते. पण ई.ई.जी. बहुधा झटका ओसरल्यावर काढला जातो. अपस्माराच्या रोग्याचाही आलेख त्या वेळी निर्दोष येऊ शकतो, तर एखाद्या निरोगी माणसाच्या आलेखात संशयास्पद लाटा दिसू शकतात. म्हणून केवळ आलेखावरून निदान ठरत नाही.

चुकीच्या निदानाची किंमत

इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी २००० साली ७४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सर्वांना पूर्वी अपस्मार ठरवला गेला होता. मात्र औषधाने त्यांचे झटके थांबत नव्हते किंवा निदानाविषयी शंका होती. त्यांना कलत्या फळीवर उभे करून रक्तदाब व नाडी तपासली, तेव्हा ३१ जणांच्या झटक्यांचे दुसरेच कारण सापडले. अपस्माराची औषधे चालू असलेल्या ३६ पैकी १३ जण यात होते. हे रुग्ण शंकास्पद म्हणूनच निवडले होते, त्यामुळे हे प्रमाण सगळ्यांना लावू नका. पण प्रश्न किती खरा आहे, हे त्यावरून कळते.

नको असलेल्या गोळ्यांनी झोप आणि सुस्ती येते, अभ्यास मागे पडतो. त्याहून मोठा धोका म्हणजे खरे कारण दडून राहणे. काही कुटुंबांत जन्मतःच हृदयाच्या विद्युत्‌रचनेत दोष असतो. हृदयाच्या आलेखात, म्हणजे ई.सी.जी.त, 'क्यू' ते 'टी' हे अंतर एरवी सुमारे ०.४ सेकंद असते. ते या मुलांत लांबते. मग पळताना, पोहताना किंवा अचानक मोठा आवाज झाल्यावर हृदयाची लय बिघडते, मूल कोसळते आणि झटकेही येतात. हा प्रकार जिवावर बेतू शकतो, पण वेळीच ओळखला तर उपचार आहेत. म्हणून धावताना वा पोहताना शुद्ध हरपली, किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असेल, तर ई.सी.जी. काढलाच पाहिजे. काहींचे झटके मात्र मेंदूतल्या विद्युत्‌वादळाने येत नाहीत आणि रक्तपुरवठा तुटल्यानेही येत नाहीत. मनावरचा ताण हे त्यांचे एक कारण असू शकते. ते सोंग नव्हे. त्यांचा उपचार वेगळा असतो, एवढेच.

सामाजिक किंमत निराळीच. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार अपस्माराचे झटके येणे ही विवाहाला बाधा ठरवली होती. ती १९९९ मध्ये काढून टाकली. कायदा बदलला, कुजबूज मात्र चालूच आहे. अपस्मार ही लाजेची गोष्ट नाही आणि बहुतेकांचे झटके औषधांनी आटोक्यात येतात. पण जो आजार नाही, त्याचे ओझे तरी कोणी का वाहावे?

तुम्ही काय कराल?

कोणी कोसळले, तर त्याला आडवे करा. चेहरा पांढरा पडला असेल तर पाय थोडे उंच धरा. झटके येत असतील तर अंग दाबून धरू नका, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका. झटके थांबताच कुशीवर वळवा. झटके पाच मिनिटांहून अधिक टिकले किंवा शुद्ध आली नाही, तर तातडीने रुग्णालय गाठा.

आणि एक काम विद्यार्थ्यांनाच उत्तम जमेल: निरीक्षण. घड्याळ पाहा. पडण्यापूर्वी तो काय करत होता? घाम, अंधारी होती का? झटके चार-दोन होते की मोजता येणार नाहीत इतके? जिभेची कड चावली गेली का? भान लगेच आले की बराच वेळ गोंधळ राहिला? मोबाइलवर चित्रण जमले, तर ते फक्त डॉक्टरांना दाखवा. निदान पुष्कळदा या माहितीवरच ठरते. चालू असलेल्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. तो निर्णय डॉक्टरांचा.

शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग जरूर करावा. विद्यार्थ्याला पाच मिनिटे निजवून नाडी मोजा, मग उभे करून लगेच पुन्हा मोजा. ठोके वाढलेले आढळतील. मेंदू तीस सेंटिमीटर वर गेला, हे हृदयाला लगेच कळले. त्याचीच ती नोंद आहे.