घाटावर ढग

पहाटे ४.४५
जूनचा पहिला आठवडा. चहा ठेवण्याआधी मी गच्चीवर जाते आणि वारा गालाला कुठून लागतो ते बघते. खानदेशात या दिवसांत पश्चिमेचा वारा रात्रीसुद्धा पडत नाही. तो अंगावर जोरात आला की समजायचं, आज एकटं उडणाऱ्या माझ्या शिकाऊ पायलट मुलांच्या सॉर्टी, म्हणजे उड्डाणं, कमी होणार. आज हलका आहे.

५.३०
हँगरवर श्वासाची तपासणी, आधी माझी, मग मुलांची. तीन सेस्ना १७२ बाहेर ओढल्या जातात. चोपड्याकडचा मुलगा आपल्या विमानाभोवती फिरतोय. आज त्याची सोलो क्रॉसकंट्री आहे, संभाजीनगरला जाऊन यायचं. हातात पारदर्शक पेला घेऊन तो टाक्यांच्या खालून इंधन काढून बघतोय. आमच्या विमानाला अशा १३ जागा आहेत, दोन्ही पंखांखाली पाच-पाच आणि पोटाखाली तीन. एव्हगॅस फिकट निळं असतं. पाणी शिरलं असेल तर ते जड म्हणून तळाशी बसतं आणि वेगळं दिसतं. सातव्या-आठव्या जागेपर्यंत हात कंटाळतात, हे मला माहीत आहे. त्याला कळू न देता मी लांबून मोजते. त्याने तेरा केल्या.

६.१५
ब्रीफिंग. संभाजीनगरचा मेटार, म्हणजे हवामानाचा अहवाल, चांगला आहे. फ्लाइट प्लॅन दिला आहे, उड्डाणाआधी लागणारे एफआयसी आणि एडीसी नंबर मिळाले आहेत.

“मग वाटेतल्या घाटाचा मेटार कुठाय?” मी विचारते.

“घाटाचा नसतो, मॅम. तो फक्त विमानतळाचा.”

“मग घाटाचं कसं ठरवणार?”

“चाळीसगाववर आल्यावर. माथा आणि माथ्यावरचं आकाश, दोन्ही स्वच्छ दिसलं तर पुढे. नाही तर परत.”

हे मी प्रत्येकाकडून मोठ्याने वदवून घेते. निर्णय जमिनीवर, डोकं शांत असताना घेऊन ठेवायचा, वर गेल्यावर फक्त तो पाळायचा. १९५४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. उपकरणांवर उडायला न शिकलेल्या २० जणांना ढगात शिरल्यासारख्या स्थितीत ठेवलं. वीसही जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाही. कानातला द्रव फसवतो. विमान वळत असतं आणि शरीर सांगतं की सरळ चाललंय. हा आकडा मी पहिल्या दिवसापासून मुलांना ऐकवत आले आहे.

७.२५
तो उडाला. मी दुसऱ्या विमानात उजव्या सीटवर, शेजारी अठरा तास उड्डाण झालेली मुलगी. सर्किट चालू आहेत. टेकऑफ, डाउनविंड, बेस, फायनल, चाकं टेकवायची आणि पुन्हा वर. धावपट्टी जवळ आली की तिचे डोळे समोरच्या टोकावर जाण्याऐवजी नाकाखाली येतात आणि विमान धप्पकन बसतं. तिसऱ्या वेळी माझे हात आपोआप कंट्रोलकडे निघतात. मी ते मांडीवर दाबून धरते. चूक तिला हातात जाणवली पाहिजे, आणि मी मात्र ती धोक्याची होण्याआधी तिथे असले पाहिजे. या दोन्हींच्या मधल्या दीड-दोन सेकंदांत माझं सगळं काम आहे.

७.४८
आम्ही डाउनविंडवर असताना रेडिओवर त्याचा आवाज. चाळीसगाववर आहे, घाटावर ढग खाली आलेत, परत फिरतोय. आवाज सपाट होता, घाई नव्हती. मी पोच दिली. मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं. “तू वेग बघ,” मी म्हटलं. पण घशात काहीतरी दाटून आलं होतं.

८.२०
तो उतरला.

८.३५
डीब्रीफ. वर्गातल्या दोघांनी “अर्ध्यातून आला” म्हटलेलं त्याने ऐकलं आहे. चेहरा पडलेला.

“पैसे गेले ना, मॅम.”

नाही गेले, असं मी म्हणत नाही. गेले आहेत. विमानाचा तास हजारो रुपयांचा असतो. सगळं शिक्षण धरलं तर खर्च ४० लाखांच्या वर जातो, आणि त्याच्या घरी केळीची बाग गहाण पडली आहे. फेरी पुरी झाली नाही म्हणजे ती पुन्हा करावी लागणार. त्याला खोटा धीर दिला तर तो पुढे माझ्या कशावरच विश्वास ठेवणार नाही.

“काय दिसलं ते सांग.”

“माथ्यावरची झाडं दिसत होती. मग त्यांचा रंग राखाडी झाला. पण खाली घाटाचा रस्ता स्वच्छ होता, मॅम. वाटलं, रस्ता धरून ढगाच्या खालून निघून जाऊ.”

मी कागदावर घाटाची रेघ काढली, वर ढगाची. रस्ता चढत जातो, ढग तिथेच राहतो, मधली जागा निमुळती होत जाते. जिथे परत फिरावंसं वाटतं तिथे दरी इतकी अरुंद झालेली असते की वळायला जागा उरत नाही. अनुभवी माणसंही याच रस्त्याने गेली आहेत. तो बराच वेळ कागद बघत राहिला.

त्याच्या प्रगतीपुस्तकात मी लिहिलं: ‘निर्णय स्वतः घेतला, वेळेवर घेतला.’ आणि वर्गात जाऊन त्या दोघांसमोर ते वाचून दाखवलं.

१०.३०
पारा चाळिशीकडे. उड्डाणं बंद. तापलेली हवा विरळ होते. हजारभर फुटांवरचं मैदान ४२ अंशांत विमानाला सुमारे साडेचार हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. धावपट्टी जास्त लागते, चढणं मंदावतं.

११ ते १
नेव्हिगेशनचा वर्ग. नवीन मुलांचे पालकही आज आले आहेत, पदवी घेतली की पायलट होतो का असं विचारत. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. एव्हिएशन आहे, ती जरूर करावी. पण परवाना डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयच देतं. नेव्हिगेशन, हवामान, नियम, तांत्रिक विषय, प्रत्येकात ७० टक्के. वर २०० तास उड्डाण, त्यात १०० पायलट-इन-कमांड म्हणून, आणि एक ३०० सागरी मैलांची, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरची फेरी, वाटेत दोन परक्या विमानतळांवर उतरून. हे सांगताना मी आईवडिलांकडे बघते. बहुतेक जण मनातल्या मनात फक्त पैशांचा हिशोब करत असतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

३.३०
लॉगबुकं. २०११ मध्ये देशात बनावट गुणपत्रिका आणि फुगवलेले तास उघडकीला आले, काहींचे परवाने गेले. आमच्या धंद्यात पेनाने भरलेल्या तासांना ‘पार्करचे तास’ म्हणतात. मला तो शब्द सहन होत नाही. पेनातल्या तासाला घाटावरचा ढग भेटत नाही. चोपड्याच्या मुलाने आजची नोंद केली आहे: ०.५५. शेरा: खराब हवामानामुळे परत. मी खाली सही केली.

५.१५
वारा आडवा, झोत १५ नॉटच्या वर. संध्याकाळच्या सगळ्या सॉर्टी रद्द.

६.४५
वीज चमकतेय, सातपुड्याच्या बाजूला. विमानं आत घेतली, हँगरच्या दाराला आतून अडसर घातला. फळ्यावर उद्याच्या सातच्या रकान्यात चोपड्याच्या मुलाचं नाव पुन्हा लिहिलं. खाली त्यानेच खडूने जोडलं: ‘चाळीसगावहून माथा दिसला तर.’