गुन्हा ड्रायव्हरचा, वसुली मालकाकडून

कापडाच्या धंद्यात स्वतःचा टेम्पो ठेवणारे व्यापारी पुष्कळ आहेत. त्याचा विमाही बहुतेक जण वेळेवर भरतात, कारण विमा नसेल तर पहिल्याच वेळेस 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. पण हप्ता भरला म्हणजे आपण मोकळे झालो, हा गैरसमज बाजारात फार पक्का आहे. आम्हीही बरीच वर्षे तसेच समजत होतो.

अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्या माणसाचा हप्ता भलताच चढतो. आपल्याकडे विमा गाडीवर असतो, ड्रायव्हरवर नाही. थर्ड पार्टी विम्याचा दर सरकार ठरवते. 2022 साली 1,000 ते 1,500 सीसीच्या खाजगी मोटारीला तो 3,416 रुपये होता. चालवणारा शिस्तीचा असो की दहा पावत्या फाडलेला. नियम मोडणाऱ्याला जादा हप्ता लावावा, अशी सूचना विमा प्राधिकरणाच्या एका समितीने 2021 मध्ये केली होती. तीत दारूचे 100 गुण आणि चुकीच्या पार्किंगचे 10 असा हिशेब मांडला होता.

मग वाईट ड्रायव्हरची किंमत कधी मोजावी लागते? अपघात झाल्यावर, आणि ती एकदम मोजावी लागते.

ड्रायव्हर प्यालेला असेल किंवा त्याच्याकडे चालू लायसन्स नसेल, तर स्वतःच्या गाडीची भरपाई कंपनी नाकारू शकते. ते नुकसान एक वेळ सोसता येईल. खरी धास्ती समोरच्या माणसाची. समजा, 28 वर्षांचा, महिना 15,000 कमावणारा कारागीर अपघातात दगावला, आणि मागे पत्नी, आई व दोन मुले आहेत. वर्षाची कमाई 1,80,000. पुढील वाढीचे 40 टक्के धरून 2,52,000. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की 1,89,000 उरतात. या वयाला सुप्रीम कोर्टाने ठरवलेला गुणक 17 आहे. रक्कम झाली 32,13,000. व्याज आणि इतर बाबी वेगळ्या.

हे पैसे त्या कुटुंबाला मिळालेच पाहिजेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. 2004 च्या स्वर्णसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने लायसन्सच्या प्रकरणांत तीच वाट दाखवली: कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मालकाचा कसूर असेल तर मग त्याच्याकडून वसूल करावेत. त्यासाठी कंपनीला वेगळा दावाही लावावा लागत नाही. 2019 च्या कायदा दुरुस्तीने दारू हेही कंपनीच्या बचावाचे कारण म्हणून नोंदले. म्हणजे रात्री ड्रायव्हर प्यायला आणि सकाळी दुकानावर बोजा चढला.

मात्र मालकाने वाजवी काळजी घेतली असेल, तर कोर्ट त्याचे ऐकते. लायसन्स पाहिले, माणूस गाडी नीट चालवतो याची खात्री केली, आणि नंतर ते लायसन्स बनावट निघाले, तर आरटीओत जाऊन तपास का केला नाही असा दोष मालकाला देता येत नाही, असे 2022 व 2023 च्या निकालांत आले आहे. पण मुळात लायसन्स पाहिलेच नसेल तर बोलायला जागा राहत नाही.

आमच्याकडे सहा वर्षे असलेल्या ड्रायव्हरचे लायसन्स चार महिन्यांपूर्वीच संपले होते, हे आम्हाला एका नाक्यावर पोलिसाने सांगितले. भला माणूस, पण त्याला तारीख ठाऊक नव्हती आणि आम्ही कधी विचारली नव्हती. त्या चार महिन्यांत गाडीने किती फेऱ्या मारल्या, हे बिलबुकात मोजायची हिंमत झाली नाही. आता लायसन्सची झेरॉक्स हिशेबाच्या वहीत असते आणि दर सहा महिन्यांनी मुलगा परिवहन खात्याच्या वेबसाइटवर नंबर टाकून पाहतो. पूर्वी मुदत संपल्यावर 30 दिवसांची सवलत मिळे. 2019 च्या दुरुस्तीने तीही गेली. लायसन्स निलंबित असलेला ड्रायव्हर ‘दोन दिवसांचा प्रश्न आहे’ म्हणाला, तरी त्या दोन दिवसांत किल्ली देऊ नये.

लायसन्सच्या प्रकाराबाबत थोडा दिलासा आहे. साधे हलक्या वाहनाचे लायसन्स असलेला माणूस 7,500 किलोपर्यंतचा मालवाहू टेम्पो चालवू शकतो, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये कायम केले.

आणि टेम्पो बिघडला की तागे घरच्या मोटारीत टाकायची सवय असेल, तर त्या मोटारीची पॉलिसी एकदा काढून वाचावी. खाजगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत नमुने चालतात, माल चालत नाही.