गच्चीला कठडा



जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथात एक लहानशी आज्ञा आहे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा घालावा. न घातल्यास आणि कोणी वरून पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. येथे कोणी कोणास ढकललेले नाही, हे ध्यानात घ्यावे. काळजी घ्यावयाची तेवढी राहिली, आणि तेवढ्यासाठी परमेश्वराने घरधन्यास जबाबदार धरले.

आज शेतकऱ्याच्या पडवीत युरियाची पोती आणि फवारणीच्या औषधांच्या बाटल्या असतात. त्यांना आपण कठडा घातला आहे काय?

सुरतेचे उदाहरण पाहा. उधना, लिंबायत या भागांत आपल्या मराठी बांधवांची मोठी वस्ती असल्याने ते शहर आपणांस परके नाही. 6 जानेवारी 2022 रोजी पहाटे सुरतेजवळील सचीन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधील रसायन बेकायदा नाल्यात सोडले जात होते. त्यातून उठलेल्या विषारी वायूने जवळच्या गिरणीतील सहा कामगार मृत्युमुखी पडले. वीसहून अधिक जणांस इस्पितळात न्यावे लागले. ते खत नव्हते. तथापि धडा तोच आहे. मेलेले कामगार त्या रसायनाचे धनी नव्हते की वाहक नव्हते. विष बाळगणारा एक आणि मरणारा दुसरा, असे या अपघातांत वारंवार घडते.

त्याच सुरतेजवळ, तापीच्या मुखाशी हजीरा येथे, कृभको या सहकारी संस्थेचा खत कारखाना 1986 सालापासून चालू आहे. तेथे नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया तयार होतो. अमोनिया हा डोळे, घसा व फुप्फुसे जाळणारा वायू होय. 1984 साली भोपाळ येथे कीटकनाशकांच्या कारखान्यातील वायूने हजारोंचे प्राण घेतले. त्यानंतर 1989 च्या नियमांनी मोठा रसायनसाठा असलेल्या कारखान्यांवर संकटकाळाची योजना आखण्याचे, दर सहा महिन्यांनी तिची रंगीत तालीम घेण्याचे आणि शेजारच्या वस्तीस धोका समजावून सांगण्याचे बंधन घातले. अशा कारखान्याजवळ राहणाऱ्यांनी ही माहिती निःसंकोच मागावी. तो त्यांचा हक्क आहे.

निष्काळजीपणाची परिसीमा बैरूत बंदरात दिसली. खतासाठी व स्फोटकांसाठी वापरले जाणारे 2,750 टन अमोनियम नायट्रेट तेथील एका गोदामात जवळजवळ सहा वर्षे पडून होते. 4 ऑगस्ट 2020 रोजी आग लागून त्याचा स्फोट झाला आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. साठा धोक्याचा आहे हे अधिकाऱ्यांस ठाऊक होते; पण तो हलविला कोणीच नाही.

आपल्या घरातील युरिया असा स्फोट करीत नाही. म्हणून तो निरुपद्रवी मात्र नव्हे. गाईबैलांनी तो चाटून खाल्ला, किंवा तो विरघळलेले पाणी प्याले, तर थोड्या वेळात जनावर दगावते. खताची पोती लाकडी फळ्यांवर, कोरड्या व हवेशीर जागी ठेवावीत. रॉकेल, डिझेल, सरपण आणि ब्लिचिंग पावडर यांपासून दूर ठेवावीत.

कीटकनाशके याहून भयंकर. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. औषध मूळ डब्यातच असावे. सरबताच्या किंवा दारूच्या बाटलीत ते ओतणे म्हणजे आपल्याच लेकरासाठी सापळा लावणे होय. डब्यावरील लाल खूण अतिजहाल विषाची, त्याखालोखाल पिवळी, मग निळी व हिरवी. धान्य व स्वयंपाकघर यांपासून दूर, कुलूपबंद कपाटात डबे ठेवावेत आणि किल्ली जाणत्या माणसाजवळ असावी. रिकाम्या डब्यात पाणी कधीही भरू नये. तो भोके पाडून निकामी करावा.

एवढे करूनही अपघात घडलाच, तर काय करावे? अंगावर औषध सांडल्यास कपडे काढून भरपूर पाण्याने अंग धुवावे. पोटात गेल्यास डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ओकारी करवू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचा डबा सोबत न्यावा. त्यावरील नावावरून डॉक्टरांना उपचार ठरविता येतो. वायूची गळती झाल्यास वाऱ्याबरोबर पळू नये. वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघून वस्तीबाहेर जावे. अमोनिया असल्यास नाकातोंडावर ओले फडके धरावे. बेशुद्ध पडलेल्यास उचलण्यासाठी साधनांवाचून वायूत शिरू नये, नाहीतर एकाच्या जागी दोघे जातात.

पाचवी आज्ञा मोडण्यासाठी शस्त्रच उचलावे लागते असे नाही. उघडी राहिलेली बाटलीही पुरते. येत्या 15 मे रोजी, शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिदोर याच्या सणाच्या दिवशी, मिस्साहून परतल्यावर प्रत्येक घरधन्याने पडवी आणि माळा तपासावा, आणि 108 हा आकडा लेकरांकडून पाठ करून घ्यावा. कुलूप नसेल तर त्याच दिवशी आणावे. त्या घरचा कठडा तोच.